चार नंबरचं मशीन आणि ड्रॅगनची पुस्तकं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात ‘मुलींच्या हातात ही कसली पुस्तकं?’ हे एका सद्गृहस्थांचं पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हल्ली दहावी-बारावीच्या मुली काळ्या-सोनेरी कव्हरांच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचतात, त्यात ड्रॅगन असतात, जादू असते आणि पानोपानी प्रेम असतं. वाचनालयांनी ही पुस्तकं कपाटात कुलूपबंद करावीत आणि मुलींना थोरामोठ्यांची चरित्रं द्यावीत. शेवटी त्यांनी प्रांजळपणे लिहिलंय, ‘मी स्वतः यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही आणि वाचण्याची इच्छाही नाही.’

मी पाच वाचली आहेत. शेवटच्या पानापर्यंत. म्हणून हे पत्र.

मी सातारची, वय 68. 1983 पासून 32 वर्षं मी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवलं. अकरा मशीनं, सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तासातासाच्या बॅचेस. मिनिटाला मराठी 30 शब्द, इंग्रजी 40, मग नोकरीचे अर्ज. निम्मा जिल्हा मला ‘टायपिंगच्या बाई’ म्हणूनच ओळखतो. इंग्रजीशी संबंध एवढाच, की तीस वर्षं मी ते नुसतं बोटांनी वाचलं. कागदावर काय लिहिलंय याच्याशी टायपिस्टला घेणं नसतं, चूक किती आणि वेग किती एवढंच. इंग्रजी कादंबरी वाचायला घेतली ती वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आणि तीही नाइलाजाने.

गेल्या उन्हाळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ-दहा दिवस वाचायचं नाही, टीव्ही नाही. मुलीने पुण्याहून माझ्या नातीला धाडून दिलं. तिची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. काम काय, तर आजीला पेपर वाचून दाखवायचा आणि वेळेवर डोळ्यांत थेंब घालायचे. दोन दिवस तिने आपलं दैनिक इमानेइतबारे वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘आजी, यात सगळे नुसते भांडतात गं. मी माझं वाचते, तूही ऐक.’ आणि तिने पिशवीतून ‘फोर्थ विंग’ काढलं. इंग्रजी वाक्य मनात वाचायची आणि मराठीत सांगायची. कीर्तनकार बुवांसारखं, मध्येच हातवारे.

रिबेका यारोस या अमेरिकन बाईंचं हे पुस्तक 2023 मध्ये आलं. व्हायलेट नावाची वीस वर्षांची मुलगी. वडिलांनी तिला लेखनिक व्हायला तयार केलेलं, ग्रंथालयात, कागदपत्रांत जीव रमणारी. वडील गेले. आई सेनापती. ती हुकूम सोडते, की तू ड्रॅगनवर बसणाऱ्या स्वारांच्या तुकडीत जायचंस. पहिल्याच दिवशी दरीवरच्या अरुंद दगडी कठड्यावरून चालत जायचं, पडेल तो मेला. मुलीचे सांधे इतके कच्चे, की जरा झटका बसला तर खांदा निखळतो. लेखिकेला स्वतःला असा आजार आहे, एहलर्स-डॅनलॉस म्हणतात, आणि तिने तो नायिकेला दिलाय. कठड्यावर भीती वाटू नये म्हणून पोरगी पाठ केलेला इतिहास-भूगोल पुटपुटत चालते. मला हे फार पटलं. माझ्या कितीतरी मुली परीक्षेच्या हॉलमध्ये ‘एएसडीएफजीएफ’ पुटपुटत बसायच्या.

पुढे एक प्रचंड काळा ड्रॅगन तिला निवडतो. तो तिच्याशी मनातल्या मनात बोलतो आणि तिला ‘सिल्व्हर वन’ म्हणतो. नातीने त्याचं ‘ए चंदेरी’ केलं. म्हातारा, तिरसट, जिभेला हाड नसलेला पण पोरीवर जीव टाकणारा. आमच्या वाड्यातल्या अण्णा आजोबांचा आवाज नातीने त्याला दिला आणि मी डोळ्यावर पट्टी असताना खो खो हसले. डॉक्टरांनी हसू नका असं सांगितलं नव्हतं.

बाकीचे स्वार खोगिराशिवाय बसतात, हिला मात्र पुढे खास खोगीर करून देतात. ती आधी नको म्हणते, इतरांपेक्षा वेगळं दिसायला नको म्हणून. इथे मला माझी एक विद्यार्थिनी आठवली. पोलिओने डावा हात दुबळा. टाइपरायटरची कॅरेज मागे ढकलायची दांडी डावीकडे असते. ती ओळ संपली की कोपराने दांडी मारायची. मी दांडीला कापडी गादी शिवून दिली, तर दोन दिवस ती यायचीच बंद झाली. सगळ्यांत उठून दिसेल म्हणून. मग मी पाच मशीनांना गाद्या लावल्या. पास झाली, पुढे पंचायत समितीत लागली.

तर असं चाललेलं. मध्येच नात थबकायची, घसा खाकरायची. ‘इथे काही विशेष नाही, पुढे जाऊ,’ म्हणून तीन-चार पानं एकदम उलटायची. पानांचा आवाज मला ऐकू यायचा ना! पट्टी निघाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर ती पानं शोधून वाचली.

त्यामुळे सद्गृहस्थांचं एक म्हणणं मला मान्य आहे, ते आधी सांगते. ती पानं सोळा वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेली नाहीत. लेखिकेचाही तसा दावा नाही. ‘फोर्थ विंग’ मोठ्यांसाठीच आहे. पण कव्हरवर ड्रॅगन बघितला की दुकानदार ते मुलांच्या कप्प्यात लावतो, आणि आईबाप ड्रॅगन बघितला की निर्धास्त होतात. सारा जे. मास यांच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’चं तर आणखी मजेशीर. 2015 मध्ये ते किशोरांचं पुस्तक म्हणून निघालं. 2020 मध्ये नवी कव्हरं घालून मोठ्यांचं म्हणून निघालं. कपाट बदललं. पाच वर्षांत ज्या मुलींनी ते पहिल्या कपाटातून घेतलं, त्यांना कुणी पत्र पाठवून कळवलं नसणार.

नात सांगते की वाचणाऱ्या मुलींनीच यावर तोड काढली आहे. त्या पुस्तकाला मिरच्या देतात. एक मिरची म्हणजे चुंबनापर्यंत, तीन मिरच्या म्हणजे आईसमोर उघडू नये, पाच म्हणजे विचारू नका. मिसळीसारखंच, मध्यम की झणझणीत ते आधी सांगायचं. टिकटॉक आपल्याकडे 2020 पासून बंद आहे, पण तिथली ही सगळी परिभाषा इन्स्टाग्रामच्या रीळांतून आमच्या घरापर्यंत आलेली आहे. ‘रोमँटसी’ म्हणजे जादू अधिक प्रेम. ‘स्लो बर्न’ म्हणजे पाचशे पानं नुसती धुसफूस. ‘एनिमीज टू लव्हर्स’ म्हणजे आधी जिवावर उठायचं, मग जीव लावायचा.

या शेवटच्या प्रकाराचं मला वावडं आहे, आणि सद्गृहस्थांनी खरं तर यावर लिहायला हवं होतं. लॉरेन रॉबर्ट्स या अगदी तरुण लेखिकेचं ‘पॉवरलेस’ घ्या. कल्पना चांगली. रोगाच्या साथीनंतर काही लोकांना अंगी शक्ती आल्या, ज्यांना आल्या नाहीत त्या साध्या माणसांना राजाने हद्दपार केलं. पेडिन ही साधी मुलगी, चोऱ्या करून जगणारी. बापाने तिला माणसं निरखायला शिकवलंय, त्या जोरावर ती आपल्याला मनातलं कळतं असं सोंग वठवते. कुडमुड्या जोशी असतो ना, तसं. बुटावरचा चिखल, हाताचा कंप बघून समोरच्याची कुंडली सांगायची. ही पानं मी दोनदा वाचली. पण मग राजपुत्र येतो आणि पुस्तक त्याच्या जबड्याकडे बघत बसतं. तो हसत नाही, ओठाचा एक कोपरा वर करतो. तो बोलत नाही, गुरगुरतो. अशाच एका पुस्तकात मी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने रेघा ओढायला सुरुवात केली, ओठाच्या कोपऱ्याला एक रेघ. पान भरत आलं तेव्हा थांबले. नात चिडली, पुस्तकात लिहितात का म्हणून.

गुरगुरणारा माणूस मनातून प्रेमळ असतो, हे या पुस्तकांतलं सर्वांत मोठं अद्भुत आहे. ड्रॅगन त्यामानाने शक्य कोटीतला. बत्तीस वर्षं मी तरुण मुलींमध्ये काढली आहेत. गुरगुरणारे नवरे पुढेही गुरगुरतच राहिले. हे मी नातीला सांगितलं तर म्हणते, ‘आजी, ते पुस्तक आहे, मला कळतं.’ कळत असेलही. मी फक्त रेघा ओढते.

म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी लावून घेतली आहे. पुस्तकातली ती दोघं एकमेकांशी बोलतात का? नुसती टोमणेबाजी नाही, बोलणं. ‘फोर्थ विंग’मध्ये मुलगी आणि ड्रॅगन बोलतात, मुलगी आणि मुलगा त्यामानाने कमीच. सारा मास यांची फेयरा मला त्याचसाठी आवडली. तिला धड वाचता येत नाही, शिकारीवर घर चालवलेली पोर. एका परीक्षेत भिंतीवर लिहिलेलं कोडं सोडवायचं असतं आणि तिला अक्षरं लागत नाहीत, तिथे माझ्या तळहाताला घाम आला. दुसऱ्या भागात एकजण तिला वाचायला-लिहायला शिकवतो आणि सरावाला स्वतःचीच स्तुती करणारी वाक्यं देतो. लबाड आहे, पण मास्तर चांगला आहे. (दुसऱ्या भागाला मिरच्या भरपूर. नातीला मी अठरा पूर्ण होईपर्यंत तो देणार नाही, असं तिच्या आईला सांगितलंय. तिने तो आधीच वाचलाय हे आम्हा तिघींनाही माहीत आहे.)

सद्गृहस्थ म्हणतात, आमच्या वेळी असलं नव्हतं. मी बाहेरून एम. ए. केलं मराठीत, तेव्हा पाच मार्कांची एक टीप हमखास यायची, अव्वल इंग्रजी काळातील अद्भुतरम्य कादंबरी. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. सुंदर नायिका, दुष्टांची कारस्थानं, ताटातूट, अजब योगायोग, शेवटी मीलन. मराठी कादंबरीच्या बाराखडीतच ‘रोमँटसी’ आहे म्हणा ना. आणि 1872 मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटक यांच्यावर निबंध लिहून त्यांची झाडाझडतीही घेतली होती. त्यांनी निदान वाचून घेतली होती. सद्गृहस्थ दीडशे वर्षांनी तेच काम न वाचता करताहेत.

मी पंधरा वर्षांची असताना नगरवाचनालयातून ‘ययाति’ घरी आणली. वाचनालयातल्या काकांनी कार्डावर शिक्का मारला आणि ‘चांगलं आहे हं’ म्हणाले. पुढे 1974 मध्ये त्या कादंबरीला ज्ञानपीठ मिळालं. मोठीच कादंबरी. पण त्यात काय आहे ते सद्गृहस्थांना आठवत असेल. म्हाताऱ्या बापाला विषयसुख भोगायचंय म्हणून तो मुलाचं तारुण्य मागतो. त्या पुस्तकावर ना वय लिहिलेलं होतं, ना मिरची. आमच्याकडे बारा वर्षांपर्यंत ‘फास्टर फेणे’ आणि तेराव्या वर्षी थेट ‘ययाति’ नाहीतर ‘मृत्युंजय’, मधला जिनाच नव्हता. आजही मराठीत तो जिना कुणी बांधलाय का, हे जाणकारांनी सांगावं. आमच्या नातीला तरी तो सापडलेला नाही. ठाण्याच्या यूट्यूबर प्राजक्ता कोळीने 2025 मध्ये प्रेमकादंबरी लिहिली तीही इंग्रजीतच. ती सध्या माझ्या मुलीकडे आहे, माझा नंबर तिच्यानंतर.

आता ज्या पुस्तकासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले, त्याबद्दल.

ते ‘डिव्हाइन रायव्हल्स’, लेखिका रिबेका रॉस. (याही रिबेकाच, मी पंधरा दिवस दोघींना एकच समजत होते.) हेही 2023 चं. नातीने ते माझ्या हातात देताना म्हटलं, ‘आजी, यात टाइपरायटर आहे, तुझंच पुस्तक आहे.’ मिरची जेमतेम एक.

आयरिस नावाची अठरा वर्षांची मुलगी एका वर्तमानपत्रात काम करते. आई दारूच्या आहारी गेलेली. देवादेवींचं युद्ध चाललंय आणि भाऊ लढायला गेलाय, त्याचा पत्ता नाही. मुलीकडे आजीचा जुना टाइपरायटर आहे. ती रोज रात्री भावाला पत्र टाइप करते आणि कपाटाच्या दाराखालून आत सरकवते. पत्रं नाहीशी होतात. ती जातात कुठे, तर त्याच वर्तमानपत्रात तिच्याशी स्पर्धा असलेल्या रोमन नावाच्या मुलाच्या खोलीत. दोघांना एकच जागा हवी आहे, ऑफिसात एकमेकांचं तोंड बघवत नाही. तो कितीतरी पत्रं नुसती वाचतो. मग एके दिवशी उत्तर पाठवतो, नाव न सांगता. एवढंच, की मी तुझा भाऊ नव्हे.

त्या ओळीला मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. कारण सांगते. हे मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही.

टाइपरायटरच्या रुळावर सरावाच्या कागदामागे आणखी एक जाड कागद कायम घालून ठेवतात. अक्षरांच्या ठोक्याने रूळ खराब होऊ नये म्हणून. तो मागचा कागद मी शनिवारी बदलायचे. 1991 च्या पावसाळ्यात एका शनिवारी चार नंबरच्या मशीनचा कागद काढला, तर त्यावर ओळी. ‘छत्री विसरली आहे. खिडकीत ठेवली.’ खाली, ‘मिळाली. आभारी.’ त्याखाली, ‘तिसाला किती चुका?’ ‘अकरा. तुमच्या?’ ‘सांगणार नाही.’ अशा पंधरा-वीस ओळी. शेवटची, ‘हा कागद शनिवारी बदलतात. कोपरा दुमडून ठेवा म्हणजे नवा कुठला ते कळेल.’

चार नंबरवर सकाळी सातला एक मुलगी बसायची आणि आठला एक मुलगा. जिन्यात एक उतरायची, दुसरा चढायचा, तेवढीच गाठ. नावं लिहिलेली नव्हती, पण मला लागतच नव्हती. टाइप केलेल्या कागदाला हस्ताक्षर नसतं असं लोकांना वाटतं. त्या मुलाचा पूर्णविराम कागदाला भोक पाडायचा. मुलीची करंगळी कच्ची, करंगळीखालची अक्षरं पुसट यायची. ओळीमागून ओळी, भोक आणि पुसट, भोक आणि पुसट.

त्यात प्रेमाचा एक शब्द नव्हता. छत्री, चुका, रिबन, परीक्षेचा फॉर्म. तुम्ही-आम्हीच्या भाषेत. मी चौतीस वर्षांची होते, इन्स्टिट्यूटला आठच वर्षं झाली होती, आणि ‘तिथे मुलगे-मुली एकत्र असतात’ असं म्हणून आधीच दोघींनी आपापल्या मुली काढून घेतल्या होत्या. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला आणि संध्याकाळी मुलीच्या वडिलांना नेऊन दिला. त्यांनी चहा दिला. ‘बाई, तुमचे उपकार झाले,’ म्हणाले.

सोमवारी मुलगी आली नाही. परीक्षेची फी भरलेली होती, हॉल तिकीट आलं, ते माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, बार्शीकडे दिली एवढंच कानावर आलं. मुलगा येत राहिला. चार नंबरच्या मागच्या कागदावर रोज सकाळी एक नवी ओळ असायची. ‘बरं नाही का?’ ‘फॉर्म भरला ना?’ ‘छत्री हवी असेल तर खिडकीत आहे.’ मी काही बोलले नाही. शनिवारची वाट न बघता रोज कागद बदलत राहिले. महिनाभराने ओळी थांबल्या. तो चाळीसला पहिल्या वर्गात पास झाला, पेढे घेऊन आला आणि मला वाकून नमस्कार केला.

तेव्हा कपाटाच्या दाराखालून पत्र सरकवणारी ती आयरिस वाचताना माझं काय झालं असेल, ते सद्गृहस्थांच्या लक्षात येईल. नातीने विचारलं, ‘आजी, डोळ्यांतून पाणी का येतंय, थेंब जास्त झाले का?’ मी हो म्हटलं. चार दिवसांनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘त्या छत्रीचं काय झालं?’ मला सांगता येईना.

पुस्तक म्हणून ते निर्दोष नाही, हेही सांगायला हवं. पहिला अर्धा भाग सोन्यासारखा. मग आयरिस युद्धाच्या बातम्या द्यायला आघाडीवर जाते आणि लेखिकेचा तोल सुटतो. देवांचं भांडण नक्की कशावरून पेटलं ते मला नीट उमगलं नाही. लग्नाची घाई आमच्याकडच्यासारखीच, चैत्रात मुहूर्त नाही म्हणून फाल्गुनात उरका तशी. ऐन मोक्याला पुस्तक संपतं आणि पुढचा भाग विकत घ्यावा लागतो. शिवाय इतकी पत्रं टाइप होतात, पण रिबन बदलल्याचं मला कुठे वाचल्याचं आठवत नाही. जादूचा टाइपरायटर असेल, मान्य, पण रिबन बदलल्याने हात काळे होतात ते व्हायला हवे होते.

पाचवं पुस्तक सुझन कॉलिन्स यांचं ‘सनराइज ऑन द रीपिंग’, मार्च 2025 मध्ये आलेलं. मुलांना रिंगणात सोडून एकमेकांना मारायला लावण्याचा सरकारी खेळ, त्याचं पन्नासावं वर्ष, म्हणून दुप्पट मुलं, 48. त्यात प्रेम आहे पण बेताचं, आणि ते प्रेमाचं पुस्तक नाहीच. घडलं काय आणि लोकांना दाखवलं काय, यातलं अंतर कसं तयार करतात, चित्रं कशी कापतात आणि जोडतात, ते त्यात आहे. चरित्रं द्या म्हणणाऱ्यांनी हे एक पुस्तक जरूर मुलींना द्यावं. किंवा आधी स्वतः घ्यावं. मी यावर जास्त लिहीत नाही, नात म्हणते तू शेवट सांगून टाकतेस.

आता मागण्या. पत्र आहे तर मागण्या हव्यात.

कुलपं नकोत. कुलूपबंद पुस्तकं मुली फुटपाथवरून घेतात. आमच्या घरातलं ‘फोर्थ विंग’ तसंच दीडशे रुपयांना आलेलं, नकली. मध्ये एक अख्खा फर्माच गायब, सोळा पानं. नायिका एका पानावर जमिनीवर आणि पुढच्या पानावर आकाशात. त्यापेक्षा पुस्तकांवर वय छापा. सिनेमाला आता यूए 13+, यूए 16+ असं लिहितात, तसं. कात्री नको, नुसता आकडा. प्रकाशक छापणार नसतील तर दुकानदारांनी निदान ड्रॅगन बघून कप्पा ठरवू नये, मागचं पान वाचावं. ‘फोर्थ विंग’च्या मालिकेचा तिसरा भाग 2025 च्या जानेवारीत आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात 27 लाखांहून जास्त प्रती खपल्या. इतक्या पैशांत एक आकडा छापायची शाई बसायला हरकत नाही.

दुसरी मागणी आपल्याकडे. आपल्या रविवार पुरवणीत पुस्तक परीक्षणं येतात ती साठीच्या पुढच्यांची, साठीच्या पुढच्यांसाठी. त्यातली दोनशे शब्दांची जागा सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना द्या. मराठीत लिहू द्या, वाचलेलं कुठल्याही भाषेतलं असो. आमच्याकडे एक उमेदवार तयार आहे, फक्त शुद्धलेखन मला तपासावं लागेल.

आणि सद्गृहस्थांना निरोप. त्यांची इच्छा नसली तरी ‘डिव्हाइन रायव्हल्स’ मी त्यांना वाचायला देईन. आपल्या कार्यालयात पाकिटात ठेवते, त्यांनी घेऊन जावं. अटी दोन. पानं दुमडायची नाहीत, पुस्तक नातीचं आहे. आणि मागच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलीने काही लिहिलंय, त्याखाली त्यांनीही एखादी ओळ लिहिली तर चालेल.

आपली,
एक वाचक, सातारा

(नाव छापू नये, ही नातीची अट. ‘शाळेतल्या सगळ्यांना कळेल, आजी.’)